दडकांद्याची वाट

तो अर्ज डॉ. वृषाली कर्डिले हिच्या ड्रॉवरमध्ये चार महिने पडून होता. अर्ज एका पानाचा आणि त्यात भरायचं नाव एकच. एखाद्याच्या परंपरागत माहितीवरून औषध निघालं, तर त्या माणसाला ते हयातभर मोफत मिळावं, असा नियम दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०३९ साली, झाला होता. नाव संशोधकानं सुचवायचं आणि सही संस्थेच्या प्रमुखांनी करायची. वृषालीला ते नाव तोंडपाठ होतं: लहानू बुधा धादवड, मुक्काम कुमसाळ, तालुका अकोले. पण पेन हातात घेतलं की नेमकं दुसरं काहीतरी तातडीचं निघायचं. शास्त्रज्ञाला पगारच मुळी कारणं शोधण्याचा मिळतो, त्यामुळं तिला ती भराभर सापडत.

"कर्डिले, तुमच्या त्या धादवडबाबांचं घोडं कुठं पेंड खातंय?" संस्थेचे प्रमुख ओगलेसर एकदा जिन्यातच म्हणाले. "पहिला मान त्यांचा आहे. औषध बाजारात यायच्या आधी त्यांना मिळालं पाहिजे."

"त्यांची तब्येत बघून ठरवते, सर."

"अहो, तब्येत बिघडली म्हणूनच तर औषध!" असं म्हणून ते हसत वर निघून गेले. वृषालीही हसली, पण खोलीत येऊन तिनं ड्रॉवरला कुलूप लावलं. अर्जाला कुलूप कशाला लागतं, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तिला भीती वाटायला लागली ती कराडच्या नारायणरावांमुळं. हे निवृत्त सर्कल इन्स्पेक्टर औषधाच्या चाचणीत दाखल झाले, तेव्हा त्यांना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. अकराव्या आठवड्यात त्यांनी बायकोला नावानं हाक मारली. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या, बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मग नारायणराव मुलाकडं वळून शांतपणे म्हणाले, "मागच्या विसर्जनाला तू मला खोलीत कोंडून मिरवणूक बघायला गेलास. मी दार वाजवत होतो." मुलाचा चेहरा पांढराफटक पडला, कारण गोष्ट खरी होती. आपल्या बापाला काही समजत नाही, मग लक्षात राहण्याचा प्रश्नच कुठं, असं त्याला वाटलं होतं.

असं वाटणारा तो एकटा नव्हता, सगळं वैद्यकशास्त्रच तसं समजून चाललं होतं. स्मृतिभ्रंशात नव्या आठवणी मेंदूत उमटतच नाहीत, असं मानलं जायचं. हे औषध दडकांदा नावाच्या रानकांद्यातल्या द्रव्याचं होतं, आणि त्यानं हा समज खोटा ठरवला. आठवण म्हणजे मेंदूतल्या काही पेशींची एकमेकींशी जुळलेली टोळी. या पेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात आणि त्या काट्यांमधून एकीचा निरोप दुसरीला पोचतो. आजारात हे काटे झडतात. टोळी जागेवरच असते, तिच्यापर्यंत जाणारी वाट मात्र बुजते, पावसाळ्यात डोंगरातली पायवाट गवतानं बुजते तशी. हिमफूल नावाच्या परदेशी फुलाच्या कांद्यातून काढलेलं एक औषध कित्येक वर्षं वापरात होतं, पण ते पेशींमधला निरोप थोडा जास्त वेळ टिकवायचं, इतकंच. दडकांद्याच्या द्रव्यानं काटे पुन्हा फुटत. आणि वाट मोकळी झाली की तिच्यावरचं सगळंच परत येई, आजाराआधीचं आणि आजारातलंही. अट एकच होती, गोळी रोज घ्यायची. सोडली की तीन महिन्यांत सगळं पुन्हा बुजून जाई.

नारायणरावांचं प्रकरण ऐकून सगळी प्रयोगशाळा आनंदानं नाचायची बाकी राहिली होती. वृषालीची मात्र चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्यातली गत झाली.

लहानूबाबा महादेव कोळी समाजातले, पंचक्रोशीत झाडपाल्याचं औषध देणारे. वृषाली पहिल्यांदा कुमसाळला गेली तेव्हा ते सत्तरीत होते, काटक आणि जरा तिरसट. तीन वर्षं त्यांनी तिला रान दाखवलं. साठ-सत्तर वनस्पती हातात देऊन एकेकीचा गुण सांगितला. दडकांदा मात्र त्यात नव्हता. डोकं हललेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते त्याची पूड देत. अशाच एका म्हातारीच्या घरातून वृषालीला नखाएवढा तुकडा मिळाला होता. त्याची तपासणी केल्यावर तिची झोपच उडाली.

"त्याचा ठिकाना नाय मिळायचा, बाई," लहानूबाबांनी तोंडावर सांगितलं. "मपल्या बापानं मला दावला, म्या मपल्या हौसाला दावला. घराबाहेर जायचा नाय, आसा सबूद हाये. हौसा गेली. आता म्या गेलो का संपलं."

हौसा त्यांची एकुलती लेक. जीप ओढ्याच्या पुरात वाहून गेली आणि तीत ती गेली, पंचविशीच्या आतच. तिचं नाव काढलं की बाबा उठून बाहेर जात, आणि वृषालीचा विषय तिथंच संपत असे.

पुढं त्यांचंच डोकं हललं. ज्याचं हलतं त्याला ते कळत नाही, त्यामुळं त्यांनी स्वतः पूड घेतली नाही, आणि दुसऱ्या कोणाला ठिकाण ठाऊक नव्हतं. वृषाली त्यांना बघायला गेली तेव्हा ते ओट्यावर बसले होते. समोरच्या ताटलीतली भाकरी तशीच होती. तिला बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"आली का गं, हौसा?"

वृषाली गोंधळली. आतून त्यांची पुतणसून यमुना बाहेर आली आणि कानाशी येऊन म्हणाली, "हा म्हना ना, म्याडम. दोन दिस अन्नाला शिवले नाय. तुमी हा म्हनल्या त जेवतील."

"हो, आले," वृषाली म्हणाली. बाबांनी सगळी भाकरी खाल्ली, वर दूध मागून घेतलं. त्या 'हो'चा दोष वृषालीला कोणीही दिला नसता, आणि तिनंही कधी स्वतःला दिला नाही.

दोष होता तो दुसऱ्या दिवशीचा. यमुना पाण्याला गेली होती. बाबा वृषालीचा हात हातात घेऊन हौसाच्या लहानपणचं काहीबाही बोलत होते. आणि वृषालीच्या तोंडून, आधी काही ठरवलेलं नसताना, पण अगदी स्पष्ट शब्द निघाले, "बाबा, दडकांद्याची वाट विसरले मी. पुन्हा दाखवता?"

"इसरलीस?" म्हातारा हसला. "चल."

नाव विसरलेला माणूस, पण पाय वाट विसरले नव्हते. दीड तास ते पुढं आणि ती मागं. कारवीच्या दाट रानातून, एका कड्याच्या पोटातून ते पलीकडच्या उतारावर उतरले. तिथं दडकांदा होता. बोटभर उंचीची, जांभळट देठांची शेकडो रोपं, वर्षातून सहा आठवडेच जमिनीवर दिसणारी. ऊन उतरत आलं होतं. बाबांनी कनवटीच्या पुडीतले तांदूळ काढले, एका रोपाच्या बुडाशी ठेवले, सुपारी ठेवली आणि हात जोडले. औषधाला आदल्या संध्याकाळी आवतण द्यायचं, सकाळी येऊन एकच कांदा न्यायचा आणि त्याचा कोंब फुटायचा डोळा कापून तिथंच परत पुरायचा, अशी त्यांची रीत. "उद्या सकाळी तुला न्यायाला येतो," ते रोपाला म्हणाले. "कोनाच्या तरी कामाला ये, माय." त्यांची पाठ वळली होती. वृषालीनं फोन काढला आणि ती जागा नकाशावर नोंदवून ठेवली.

सकाळी ती गेली नाही. पहाटेच पुण्याला निघाली. पंधरा दिवसांनी औषध कंपनीची माणसं घाटाखालच्या अंगानं आली, पंचवीस मजूर आणि दोन ट्रक घेऊन. संस्थेच्या हरितगृहात त्या नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेल्या कांद्यांत ते द्रव्य उतरतच नव्हतं. ते तयार व्हायला कांद्यात राहणारी एक बुरशी लागायची, आणि ती बुरशी फक्त त्या उताराच्या मातीत होती. म्हणून सगळा उतार खणला. एक डोळाही परत पुरला नाही. आणि दोन वर्षांनी त्याच बुरशीची जनुकं यीस्टमध्ये घालून ते द्रव्य टाकीत, ताकासारखं आंबवून, हवं तेवढं काढता यायला लागलं. दोन वर्षं थांबली असती तर एका कांद्यात काम झालं असतं, हे वृषाली कोणाशीच बोलली नाही. ती स्वतःला सांगत राहिली, की लाखो म्हाताऱ्यांचा प्रश्न होता. प्रश्न खरोखरच लाखोंचा होता. पण ती खोटं एकाशीच बोलली होती.

आता त्या एकाला औषध द्यायचं, तर त्याला ती दुपार आठवणार. द्यायचं नाही, तर त्याच्याच कांद्याचं औषध जगाला मिळणार आणि तो मात्र ओट्यावर बसून विझत जाणार. पाचव्या महिन्यात यमुनाचा फोन आला. "बाबा आता मलाबी वळखत नाय, म्याडम. भिंतीशी बोलत्यात." वृषालीनं ड्रॉवर उघडला, नाव लिहिलं, आणि शाई वाळायच्या आत ओगलेसरांची सही घेतली. थोडं थांबली असती तर तिचा हात पुन्हा मागं आला असता.

गोळ्या पोचवायला ती स्वतः गेली. त्यानंतरची खबर फोनवरून येत राहिली. दुसऱ्या महिन्यात बाबांनी यमुनाला नावानं हाक मारली. मग शेळी ओळखली. मग गावातल्या एकाचं जुनं भांडण आठवून त्याच्या दारात जाऊन शिव्या घातल्या. यमुना हसून हसून सांगत होती, आणि वृषाली ऐकताना प्रत्येक वेळी विचारत होती, "अजून काही आठवतंय का म्हणतात?" यमुनाला वाटलं, काय ही काळजी! डॉक्टर असावी तर अशी.

दिवाळी होऊन महिना झाला आणि यमुनाचा आवाज बदलला. "बाबा डोंगरात गेल्ते. आल्यापासून बोलत नाय. जेवत नाय. कोनी औषिदाला आलं त दार लावून घेत्यात. मपल्या हातचं औषिद घेऊ नका म्हनत्यात. तुमी या."

वृषाली गेली. बाबा घरात नव्हते. यमुनानं बोट दाखवलं त्या दिशेनं ती एकटी चालत निघाली. वाट तिला चांगली ठाऊक होती, आणि प्रत्येक पावलाला तिला त्याची लाज वाटत होती.

उतार लाल आणि उघडा पडला होता. खड्डे पावसानं अर्धे भरले होते आणि त्यांतून रानतुळशीचं तण माजलं होतं. बाबा एका दगडावर बसले होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"या, बाई. पुन्याहून कव्हा आल्या?" त्यांचे डोळे स्वच्छ होते. इतके स्वच्छ डोळे वृषालीनं चाचणीतल्या एकाही रुग्णाचे पाहिले नव्हते. "तुमचं औषिद लई भारी हाये. समदं दिसाया लागलं."

"काय दिसतं, बाबा?"

बाबांनी पायाजवळची माती चिमटीत घेतली. मग म्हणाले, "तुमी शिकलेल्या. येक सांगा. मेलेलं मानूस येतं का?"

वृषाली दोन पावलं जवळ आली.

"मपली हौसा आल्ती," बाबा म्हणाले. "म्या डोक्यातून गेल्तो तव्हा. आता नीट आठवतंय. माझा हात धरून बसली. मंग म्हनली, वाट इसरले. म्या तिला हितं आनली, आवतन दिलं. सकाळी पाहतो त ती नाय. आन आता ह्यो डोंगुर आसा." त्यांनी हात फिरवून उघडा उतार दाखवला. "म्हंजी वाट म्याच फोडली. तिच्या मागं कोनतरी आसंल, त्यानं पाह्यलं आसंल. बापाचा सबूद म्या मोडला. आता कोन्या तोंडानं लोकांला औषिद देऊ?"

आता वृषालीला सगळं उमगलं. मेंदू काही कॅमेरा नव्हे, त्या वेळी जे समजलं तेच तो जपून ठेवतो. बाबांनी त्या दुपारी हौसा पाहिली होती, म्हणून वाट मोकळी झाल्यावर हौसाच परत आली होती. वृषाली त्या आठवणीत कुठंच नव्हती. इतके महिने ती ज्या भीतीनं मरत होती, ती भीती फुकाची होती. ती सुटली होती. तिनं तोंड बंद ठेवलं असतं तर जन्मभर कोणाला काही कळलं नसतं. आणि तिचा गुन्हा हा म्हातारा स्वतःच्या डोक्यावर घेऊन अन्नावाचून बसला होता.

बोलली तर त्याचा दोष उतरणार होता, पण मेल्यानंतर एकदा भेटून गेलेली लेकही त्याच्याकडून जाणार होती. आधी एकदा तिनं या माणसाकडून त्याचं सर्वस्व काढून घेतलं होतं, आणि आता खरं बोलायचं तरी काढूनच घ्यावं लागत होतं. तिला स्वतःची किळस आली.

"बाबा, ती मी होते."

"काय?"

"तुम्ही मला हौसा समजलात. मी नाही म्हणाले नाही. वाट विसरले असं मीच म्हणाले, मुद्दाम. तुम्ही पाठमोरे झालात तेव्हा मी जागा फोनमध्ये घेतली. ही माणसं मी आणली. तुम्ही काहीही मोडलं नाही. तुम्ही तुमच्या लेकीलाच दाखवलंत. पाप माझं आहे."

ते उठून आपल्याला मारतील, असं तिला वाटलं. मारावं, असंही वाटलं. बाबा तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. एकेक गोष्ट ते ताडून बघत होते. तिची उंची, तिचे हात, पायातले बूट.

"मंग हौसा नव्हती आली," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"येकदाबी?"

"नाही."

त्यांनी मान खाली घातली. वृषाली रडत होती, पण रडायचा हक्क आपल्याला नाही असं वाटून तोंडातून आवाज काढत नव्हती. खालच्या अंगाला कोणाच्या तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. बाबांनी मान वर करून विचारलं, "तुमची गोळी सोडली त किती दिसांत जातं समदं?"

"तीन महिन्यांत," वृषाली सवयीनं बोलून गेली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. "पण सोडायची नाही, बाबा! सगळं जाईल. रान जाईल, औषधं जातील. यमुनाचं नाव जाईल."

"यमुना हाये की समोर. ती सांगंल तिचं नाव." त्यांनी बोटांवर महिने मोजले. "तीन म्हंजी शिमग्याच्या आसपास."

"बाबा, मी हात जोडते. मला काय हवी ती शिक्षा करा. गावासमोर उभी करा. ही नको."

"शिक्षा?" त्यांना खरोखरच कळलं नसावं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, धोतर झटकलं. "शिमग्याला तुमी या. म्या इचारीन, हौसा, आली का गं. तव्हा हा म्हना."

ते तिच्या उत्तराची वाट बघत तसेच उभे राहिले. शेवटी ती म्हणाली, "येईन."

"वरसातून दोनदा या. जमंल तशा. बसा माझ्याजवळ." ते दोन पावलं पुढं गेले, आणि मागं न बघता म्हणाले, "आन वाट इचारू नका, बाई. दावायला आता काय नाय."